चढाचं बटण

मी ट्रेडमिल बोलतेय. वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावात, वाशीम रोडवर ज्ञानचंदशेठचं कापड दुकान आहे; त्याच्या वरच्या माडीवर, मागच्या खोलीत माझा मुक्काम. काहीतरी बिनसलंय अशी पहिली शंका मला आली ती पाण्याच्या बाटलीवरून.

माझ्या उजव्या हाताशी, बटणांच्या जरा खाली, बाटली ठेवायला एक गोल खोबण आहे. चेतना, म्हणजे या घरची सून, माझ्यावर चालायला लागली तेव्हा पहिले चार दिवस तिथं बाटली असायची. पाचव्या दिवशी नव्हती. विसरली असेल, मी म्हटलं. सहाव्या दिवशी त्या खोबणीत रुमाल खोचलेला होता. सातव्या दिवशीही रुमालच. विसरलेलं माणूस त्या जागी दुसरं काही आणून ठेवत नाही. म्हणजे पाणी न पिणं हे ठरवून चाललंय, हे माझ्या ध्यानात आलं आणि आतल्या मोटरीत उगाच धस्स झालं.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीनं कशाला जीव घाबरा करून घ्यायचा. पण माझा स्वभावच मेला तसा. व्होल्टेज जरा खाली-वर झालं की मी टीं करून ओरडते. रस्त्यावरून एसटी जोरात गेली तरी माझे खिळे थरथरतात. चेतनाही तशीच. कुकरची शिट्टी झाली तरी तिचा हात छातीवर जातो. आम्हा दोघींचं जमलं ते बहुधा त्यामुळंच.

आधी माझं सांगते.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. त्यातलं थर्माकोलचं करकरणं तेवढं आठवतं. मग खोका, अंधार, कितीतरी दिवसांचा प्रवास आणि शेवटी अकोल्याहून आलेला एक टेम्पो. चार माणसांनी घामाघूम होत मला जिन्यातून वर आणलं. त्या वेळी दुकानात केनवडच्या काही बाया लग्नाचा बस्ता बांधायला आल्या होत्या. त्यातल्या एकीनं विचारलं, शेठजींनी एवढा मोठा फ्रीज घेतला का. मला तेव्हा फार अपमान वाटला होता. आता वाटतं, फ्रीज असते तर बरं झालं असतं. फ्रीजचं दार दिवसातून वीस वेळा कोणीतरी उघडतं.

मला मागवलं होतं पियूषनं, शेठजींच्या धाकट्या मुलानं. त्याला दंड फुगवायचे होते. आता मला सांगा, ज्याला दंड फुगवायचेत त्यानं मला कशाला आणावं? माझ्यावर पाय चालतात, दंड नुसते लोंबतात. पण मोबाईलवर कोणी पिळदार माणूस ट्रेडमिलवर धावताना त्यानं पाहिला होता आणि ते दंड माझ्यामुळेच आले असा त्याचा समज झाला. बावीस दिवस तो धावला. रोज आरशात दंड बघायचा आणि माझ्याकडे असा बघायचा, जणू मीच चोरून ठेवलेत. पुढं त्याला पुण्यात नोकरी लागली. जाताना त्यानं माझ्यावरून हातसुद्धा फिरवला नाही.

मग थोरला, जिनेश. चेतनाचा नवरा. दिवसभर दुकानात गादीवर बसून त्याची कंबर धरायची. त्याला हवा होता ताण, वाकणं, लवणं. आला माझ्याकडे आणि तीन दिवस दणदणा पळाला. चौथ्या दिवशी कंबर आणखीच धरली. त्यानं माझं बटण बंद केलं, ते आजतागायत त्यानं पुन्हा लावलेलं नाही.

त्यानंतर खुद्द शेठजी. त्यांना डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. ते धोतर सावरून, हात मागं बांधून माझ्यावर चालले, अगदी नेमानं, दहा दिवस. अकराव्या दिवशी उतरले आणि तारामतीबाईंना म्हणाले की या बाईच्या पाठीवर चालून रस्त्यात कोणी भेटतच नाही. दुसऱ्या दिवसापासून बस स्टँडपर्यंत जाऊ लागले. जाताना चार जणांशी, येताना सहा जणांशी बोलतात. त्यांची साखर म्हणे आटोक्यात आली. मला त्यांचा राग नाही. माझ्याकडे येणाऱ्यांत तेवढे एकटेच असे निघाले, ज्यांना आपल्याला काय हवं ते कळलं.

नंतर मला कोणी सुरूच केलं नाही. माझ्या हातांवर ओले टॉवेल आले. पट्ट्यावर जुनी साडी अंथरून मुगाचे पापड वाळत घातले गेले. दिवाळीच्या आधी न खपलेल्या साड्यांचे खोके आले, दिवाळी झाल्यावर रिकामे खोके आले. प्लग काढून वायरीची गुंडाळी करून माझ्याच गळ्यात अडकवली. मला चालतं ठेवायची तुमची इच्छा नसेल तर निदान आडवं तरी झोपवा, असं वाटायचं. उभं राहून वाट बघणं फार वाईट असतं.

त्या काळात एक जण मात्र रोज यायची. तारामतीबाई, शेठजींची बायको. चालायला नाही. जिना चढून वर आल्या की त्यांचा श्वास फुलायचा. घरच्यांसमोर तसं दिसू नये म्हणून त्या आधी मागच्या खोलीत शिरायच्या, माझ्या कडेच्या पट्टीवर बसायच्या, दोन्ही गुडघे तळव्यांनी चोळायच्या, श्वास जागेवर आला की पदर नीट करून आत जायच्या. फारशा बोलणाऱ्या बाई नव्हेत. पण एकट्या असल्या की पुटपुटायच्या, आणि ऐकायला माझ्याशिवाय कोणी नसायचं.

त्यांच्या पुटपुटण्यातूनच मला झारखंडातला शिखरजीचा, जैनांच्या तीर्थाचा, डोंगर कळला. दोन वर्षांपूर्वी इथल्या मंदिराचा संघ तिकडं यात्रेला गेला होता. पहाटे अंधारात निघायचं, अनवाणी. वर चढायचं, एकेका टोंकाची, म्हणजे शिखरावरच्या देवळीची, वंदना करायची आणि खाली उतरायचं, सगळं मिळून सत्तावीस किलोमीटर. तारामतीबाई अर्ध्यात बसल्या त्या उठल्याच नाहीत. त्यांना डोलीत घालून, दोघांच्या खांद्यावर, खाली आणलं. डोलीतून उतरताना बाकीच्या बाया ज्या नजरेनं बघत होत्या ती नजर त्यांच्या गुडघ्यांपेक्षा जास्त दुखते. हे त्या कोणापाशी बोलल्या नाहीत. माझ्यापाशी बोलल्या.

आणि आता चेतना.

ती कारंज्याची. बी.कॉम. झालेली. गेल्या वर्षी लग्न होऊन आली. या घरात तिला कोणी वाईट वागवत नाही, हे आधी सांगते. पण सगळे दुकानात. सकाळी नऊला पुरुष खाली उतरले की दिवस मावळायच्या आत जेवायला तेवढे वर येतात. दुपारी तीनला तारामतीबाई मंदिरात स्वाध्यायाला जातात. मग त्या माडीवर चेतना आणि मी. ती या खोलीतून त्या खोलीत फिरायची, खिडकीतून रस्ता बघायची, मोबाईल उचलायची, ठेवायची. आपण एकटे आहोत असं म्हणायलाही दुसरं माणूस लागतं ना. ते नव्हतं.

भाद्रपदात एके दिवशी तिनं माझ्यावरचे खोके उतरवले. ओल्या फडक्यानं मला पुसलं. वायर सोडली. मी सुरू होते की नाही बघायला तिनं प्लग लावला आणि मी टीं केलं, तशी ती दोन पावलं मागं उडाली. मग स्वतःशीच हसली. इतक्या वर्षांनी कोणीतरी माझ्यामुळं हसलं होतं.

ती माझ्याकडे का आली, ते तिच्या बहिणीशी, त्रिशलाशी, फोनवर चाललेल्या बोलण्यातून समजलं. मंदिरात संघाची बैठक होती. डिसेंबरात पुन्हा शिखरजीला जायचं ठरलं. यात्रेची यादी करणाऱ्या ललिताबाई वही घेऊन बसल्या होत्या. पायी कोण, डोलीत कोण, एकेकीला विचारत होत्या. चेतना मागच्या खांबापाशी कुठल्यातरी विचारात होती. ललिताबाईंनी एकदम तिच्याकडं बघून विचारलं, “अन् तू व सूनबाई? पायी ना?” ती दचकली. आणि दचकून हो म्हणाली.

एवढंच. दचकून निघालेला हो. पण मंदिरात निघालेला. परत कसा घेणार? आणि तेवढ्यात शेजारी बसलेल्या तारामतीबाईंचा चेहरा फुलला. त्यांनी डोलीच्या रकान्यातलं आपलं नाव खोडायला लावलं आणि सांगितलं, सून संगं हाये, मी बी पायीच. सगळ्या बायांनी चेतनाकडं कौतुकानं पाहिलं. चेतनाला तेव्हाच घाम फुटला होता. कारण घरचा जिना चढला तरी तिच्या छातीत धडधडतं, आणि हे तिनं कोणाला सांगितलेलं नव्हतं.

आता ती माघारी फिरली तर तारामतीबाई पुन्हा डोलीत. आणि न सांगता गेली, अर्ध्यात बसली, तर त्या अंधाऱ्या डोंगरावर सासूचा हात धरायला कोणी नाही. हा हिशेब तिच्या डोक्यातून रात्रंदिवस जात नव्हता.

मग तिनं व्यायाम शोधायला घेतला. आणि इथंच सगळी गडबड झाली. पुण्याला पियूषला विचारलं, पण कशासाठी ते न सांगता. त्याला वाटलं, वहिनींना बारीक व्हायचंय. त्यानं मोठ्या उत्साहानं सांगितलं की अर्धा मिनिट जीव तोडून पळायचं, अर्धा मिनिट थांबायचं, असं वीस वेळा, चरबी वितळते. वितळायला तिच्या अंगावर चरबी होती कुठं? मोबाईलवर एक बाई भेटली, ती उड्या मारायला सांगायची. दुसरी एक भेटली, ती सतरंजीवर पडून पाय हवेत फिरवायची. चेतनानं सगळं ऐकलं. घाबरलेलं माणूस सगळ्यांचं ऐकतं. तिनं एक तक्ता करून माझ्यासमोरच्या भिंतीवर चिकटवला: सोमवार पोट, मंगळवार मांड्या, बुधवार पळणं, गुरुवार पाठ. रोज मी तो तक्ता वाचायचे. पोट होतं, मांड्या होत्या, पाठ होती. डोंगर कुठल्याच वाराला नव्हता.

आणि मला चढ येतो हो. हे मला ओरडून सांगावंसं वाटायचं. माझ्या डाव्या हाताशी वर टोक केलेल्या बाणाचं एक बटण आहे. ते दाबलं की माझं पुढचं अंग हळूहळू वर उचललं जातं आणि सपाट रस्त्याची टेकडी होते. कारखान्यातून निघाल्यापासून ते बटण कोणी दाबलेलं नव्हतं. पियूषनं नाही, जिनेशनं नाही. शेठजींना तर ते दिसलंही नसेल. मी जे सगळ्यांत चांगलं करू शकते ते कोणी मला विचारलंच नाही.

बाटलीचं कोडं त्याच सुमारास उलगडलं. त्रिशलाला ती सांगत होती की डोंगरावर पुष्कळ जण वंदना पुरी होईपर्यंत पाण्याचा थेंबही घेत नाहीत. मग आपल्यालाही आतापासून सवय हवी. म्हणून पळताना पाणी बंद. त्रिशलानं काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही, पण चेतना चिडून म्हणाली की तुला नाही कळायचं, आणि फोन ठेवला. माझ्या आत पंखा आहे, गरम झाले की तो मला गार करतो. तिच्या आत काय होतं?

ऑक्टोबर लागला. पत्र्याखालची खोली दुपारी भट्टीसारखी तापायची. ती पळायची, थांबायची, पळायची. ओठ पांढरे पडायचे. एकदा माझ्या चावीची दोरी तिच्या ओढणीत अडकून निघाली, मी टीं करून थांबले, आणि ती इतकी घाबरली की दुसऱ्या दिवसापासून तिनं ती दोरी माझ्याच दांड्याला गुंडाळून ठेवली. ती लाल दोरी कपड्याला लावायची असते. माणूस पडलं की चावी निघते आणि मी थांबते. ते काम मला करूच द्यायचं नाही, असं तिनं ठरवून टाकलं.

याच महिन्यात तारामतीबाई पुन्हा रोज माझ्या कडेवर बसू लागल्या. चेतना स्वयंपाकघरात असायची तेव्हा. गुडघे चोळत पुटपुटायच्या, “माह्यानं होते का नाई कोन जाने. पन पोरगी इतकी मेहनत करून राह्यली. आता नाई म्हनू कशी?”

ऐकलंत ना? त्या सुनेसाठी नाही म्हणत नव्हत्या. सून त्यांच्यासाठी नाही म्हणत नव्हती. सासूला वाटे सून पक्की आहे, सुनेला वाटे सासू पक्की आहे. दोघी एकाच ताटात जेवायला बसल्यासारख्या एकाच भीतीपुढं बसल्या होत्या, पण पाठीला पाठ लावून. हे ठाऊक असलेली या घरात मी एकटी. आणि मला बोलता येतं ते फक्त टीं.

मग एका दुपारी कस्तुराबाई वर आल्या. त्या मूळच्या किन्हीराजाच्या. आता गावाबाहेर वावरात राहतात आणि चार वाजताच संध्याकाळचं दूध आणून देतात, कारण या घरात दिवसाउजेडी जेवण उरकतं. एरवी दूध खाली दुकानात ठेवून जायच्या. त्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, दिवाळीची गर्दी, म्हणून केटली घेऊन वर आल्या आणि दारातच थबकल्या. चेतना माझ्यावर जीव खाऊन पळत होती.

“काहून पयतं व? कुत्रं लागलं का मांगं?”

चेतना अशी दचकली की माझा दांडा धरूनच कशीबशी उतरली. कस्तुराबाई जवळ आल्या, माझ्या पट्ट्याकडं निरखून बघितलं, आणि म्हणाल्या की एवढं पयलं अन् हालली तं इंचभर बी नाई. चेतना हसली. हसता हसता रडायला लागली. आणि जे नवऱ्याला सांगितलं नव्हतं, आईला सांगितलं नव्हतं, ते तिनं दूध घालणाऱ्या बाईला सांगून टाकलं. बहुतेक कस्तुराबाईंचा मंदिराशी काही संबंध नव्हता म्हणूनच.

कस्तुराबाईंनी केटली खाली ठेवली. त्यांनी सगळं ऐकलं. मग विचारलं, “तुले डोंगर चढाचा हाये का शर्यत जिकाची हाये?”

“डोंगर.”

“मंग पयून कायले राह्यली? आमी कपाशीचं गाठोडं डोक्शावर घेऊन वावराच्या धुऱ्यानं येतो. पयत येतो का? एका चालीनं येतो. दम लागला का थांबतो. तोंडानं बोलता आलं पाह्यजे एवढ्याच चालीनं.”

पाण्याचंही त्यांनी विचारलं. चेतनानं डोंगरावरच्या नेमाचं सांगितलं. त्यावर कस्तुराबाई म्हणाल्या की तिथी नाई पेत ते देवासाठी, इथी या मशीनीत कोनता देव बसला हाये? मला जरा लागलं, पण बोलणं खरं होतं. जाताना त्या सांगून गेल्या की हे पयनं-बियनं सोड, तुह्या घरचा जिना हाये, तारामतीबाईले संगं घे, दोघी रोज चढा-उतरा, हळूहळू, बोलत बोलत. डिसेंबर लागेपर्यंत पाय आपोआप तयार होतात.

त्या गेल्या आणि मला इतकं बरं वाटलं. शेवटी कोणीतरी बरोबर प्रश्न विचारला होता. कुठं जायचंय ते आधी, पळायचं की चढायचं ते नंतर.

पण जिना चढायला सासूला सोबत घ्यायचं म्हणजे सासूला सांगणं आलं. चेतना दोन-तीनदा तारामतीबाईंच्या खोलीच्या दारापर्यंत गेली. मला इथून ती दिसायची. एकदा तर आतून त्यांनी विचारलंही, काय पाह्यजे बेटा. ही म्हणाली, काही नाही, मिठाचा डबा दिसत नव्हता. मीठ स्वयंपाकघरात नेहमीच्या जागी होतं.

आज चतुर्दशी. चेतनाचं एकाशन, सकाळी अकराला एकदाच जेवली, पाणीही तेव्हाच काय ते. तीन वाजता तारामतीबाई मंदिरात गेल्या. चेतना खोलीत आली, दार लोटलं, फोन माझ्या बटणांच्या वरच्या खाचेत ठेवला आणि बराच वेळ माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं बोट पुढं केलं आणि वर टोक केलेल्या बाणावर ठेवलं.

मी थरारले. मोटर घुर्र झाली, ती कधी न फिरलेली चढाची मोटर, आणि माझं पुढचं अंग वर वर आलं. पहिल्यांदा. मला टेकडी होता आलं. ती चालू लागली. पाच मिनिटं सुरेख गेली. तिचा श्वास आणि माझा आवाज एका लयीत होते. हेच, हेच, असं मला म्हणायचं होतं. एवढ्याच चालीनं.

पण तिचं लक्ष भिंतीवरच्या तक्त्याकडं गेलं. आज पळण्याचा वार होता. आणि तिनं वेग वाढवला. चढ तसाच ठेवून. सहा, सात, नऊ. मला सांगता येईना. तिचा घाम थांबला, ते मला आवडलं नाही. हाताची पकड सुटली. पायाखालचा पट्टा मागं गेला आणि ती त्याच्याबरोबर मागं गेली, गुडघ्यावर, मग कुशीवर, मग मी आणि मागची भिंत यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत. पाऊल मुरगळून अंगाखाली आलं. दोरी माझ्याच दांड्याला गुंडाळलेली. मी धावत राहिले. माझा पट्टा तिच्या कोपराला घासत होता आणि मी धावत होते, थांबता येत नव्हतं, आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नाही.

तेवढ्यात लाइट गेली.

एरवी लाइट गेली की मला राग येतो. आज मी तिचे उपकार मानले. मी थांबले. पंखाही थांबला. माझं तोंड वर उचललेलं, तसंच राहिलं.

त्याला आता किती वेळ झाला कोण जाणे. लाइट अजून नाही. म्हणून तर तुमच्याशी एवढं बोलू शकतेय. चालू असताना मला फक्त धावता येतं.

चेतनानं पाय ओढून बघितला. उठायला गेली, आणि किंचाळून पुन्हा बसली. फोन माझ्या डोक्यावर, तिच्या हातापासून माझ्या अख्ख्या पट्ट्याएवढा लांब. मध्येच तो वाजला, कोणाचा होता ते तिला दिसेना. वाजून थांबला.

तिनं आधी नवऱ्याला हाक मारली. “अहो.” मग जरा मोठ्यानं. खाली दुकानात दिवाळीचं गिऱ्हाईक, रस्त्यावर मोटारसायकली, शेजारच्या दुकानाचं जनरेटर सुरू झालेलं. तिची हाक खोलीच्या दारापर्यंत जाऊन परत येत होती. तिनं सासऱ्यांना हाक मारली. कोणी आहे का, म्हणाली. मग हाका सोडून बसली. माझ्या मागच्या चाकाला टेकून.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी माझ्यासारखी एखादी कोपऱ्यात टॉवेल वागवत उभी असेल. तिचं बटण दाबण्याआधी एक क्षण थांबाल का? तुम्हाला कुठं जायचंय ते तिला सांगा. तिला नको तर घरातल्या माणसाला सांगा. आम्ही यंत्रं फार मेहनती असतो, पण चुकीच्या दिशेलाही तितक्याच मेहनतीनं पळवतो. आणि आम्हाला माणसाचा हात धरता येत नाही.

चेतना पुन्हा बोलायला लागलीय. आता हाक मारत नाही ती, नुसतं बोलतेय, कोणी ऐकत नाही अशी खात्री झाल्यासारखं. आवाज बसलेला आहे.

“आई, माझ्यानं नाही होणार तो डोंगर. मी घाबरून हो म्हणाले होते. मला जिना चढला तरी दम लागतो. आई, तुम्हाला तिथं एकटं सोडून मी बसेन हो खाली. आई. ऐकता का आई?”

जनरेटरची घरघर मध्येच थांबली. खोलीत एकदम इतकी शांतता आली की मला माझे खिळे ऐकू आले. आणि जिन्यात, अर्ध्यावर कुठंतरी, बांगड्या भिंतीला लागल्याचा आवाज झाला. कोणीतरी भिंत धरून उभं होतं. श्वास फुललेला, तो श्वास मी ओळखते.

“आली व बेटा,” तारामतीबाई म्हणाल्या. मग थांबल्या. मग पुन्हा, एकेक पायरीवर एकेक शब्द ठेवत, “मले बी दम लागते. थांब तू. बसत बसत येऊन राह्यली.”